चार दहाची झोप

वन्संच्या टाचांचा आवाज मला अजूनही ओळखता येईल. आता मी ऐंशीच्या बरीच पुढे गेले आहे, एका कानाने कमी ऐकू येतं, पण दगडी जिन्यावर कुणी टाचा वाजवत चढू लागलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. एके काळी साठ मुलींची व्हायची. वसतिगृहात त्यांनी वन्संचं नावच 'टाचाबाई' ठेवलं होतं. खाली पहिली टाच वाजली की वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे आत ओढले जायचे आणि चाललेल्या गप्पा पुस्तकांत तोंड खुपसायच्या. वन्संना हे नाव माहीत होतं. "मुद्दामच वाजवते मी," त्या म्हणायच्या. "आवाज आधी पोचला की मला कमी ओरडावं लागतं."

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्या यजमानांची धाकटी बहीण, पण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न त्यांनी केलं नाही. एकतीस वर्षं त्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. माझे यजमान अचानक गेले तेव्हा त्या आल्या, माझ्या घरातली भांडी स्वतःच्या हाताने खोक्यांत भरली आणि म्हणाल्या, "वहिनी, रडणं झालं की तयार व्हा. ऑफिसात कारकुनाची जागा रिकामी आहे." अशी मी तिथे गेले. जेवणघराच्या वर त्यांना नोकरीबरोबर मिळालेल्या दोन खोल्या होत्या. एकीत त्या, एकीत मी, मधलं दार सतरा वर्षांत कधी लावलं गेलं नाही. सकाळी सहाला खालून मोठ्या पातेल्यांचा आवाज यायचा आणि तापत्या दुधाचा वास. आयुष्यात पुष्कळ घरांत राहिले, पण घर म्हटलं की मला त्याच दोन खोल्या दिसतात.

माझं मुख्य काम हजेरीचं. मुलींनी संध्याकाळी सातच्या आत परत यायचं असा नियम. मी दाराशी टेबल टाकून बसायचे आणि प्रत्येकीच्या नावापुढे वेळ लिहायचे. सात वाजून पाच मिनिटांनी धापा टाकत आलेल्या मुलीपुढे मी सहा पंचावन्न लिहायचे. सात दहापर्यंत चालवून घ्यायचे. त्यापुढे मात्र नाही. मलाही काही नियम होते.

"वहिनी, ती आत्ता माझ्या डोळ्यांदेखत फाटकातून आली," वन्सं म्हणायच्या.

"माझ्या घड्याळात अजून सातला दोन कमी आहेत."

"मग घड्याळ तरी दुरुस्तीला टाका, नाहीतर मला तरी टाका."

मुली तोंड दाबून हसायच्या. वन्संनी माझ्याविरुद्ध कधी वर कळवलं नाही, पण माझी ही सवय त्यांना मनापासून आवडत नसे. त्यांच्या हातून एक मिनिटही कधी इकडचं तिकडे झालं नाही. मला मात्र माझ्या सवयीचा अभिमान होता. एखादीला बोलणी बसत असतील आणि पाच मिनिटांनी ती वाचत असतील, तर ती पाच मिनिटं द्यायला माझं काय जातं, असं मला वाटायचं. मुली माझ्या गळ्यात पडायच्या. वन्संच्या गळ्यात पडायची कुणाची छाती नव्हती.

वन्संनी साठी ओलांडली त्या वर्षी टाचांचा आवाज बदलला. आधी एका दमात दुसरा मजला व्हायचा, तो आता मधल्या वळणावर थांबायला लागला. मी खाली ऑफिसात बसून पायऱ्या मोजायचे. अकरा, बारा, मग शांतता, मग पुन्हा एक. विचारलं तर म्हणायच्या, "वय झालं, वहिनी. जिना तोच आहे, मी जुनी झाले." मग चेहरा फिका दिसू लागला. जेवताना हातातला चमचा मधेच थांबायचा. एकदा चपला घालता घालता भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "काही नाही, अंधारी आली." तेव्हा मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर शांत, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. "बेचाळीस," ते म्हणाले. मग ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासायला दिलं आणि पुढच्या खेपेला खोदून खोदून विचारलं. रक्तदाबाची गोळी घेता? नाही. आणखी कुठली गोळी? नाही. डोळ्यांत थेंब?

"थेंबांचा आणि छातीचा काय संबंध?" वन्संनी विचारलं.

"काही थेंबांनीसुद्धा ठोके मंदावतात. म्हणून आधी ते बघायचं. तुमचं तसं काही नाही. थायरॉइडही ठीक आहे." त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं आणि वरच्या कोपऱ्यात एक टिंब दिलं. "ही जागा मुकादमासारखी असते. तिने हाक दिली की ठोका पडतो. वयाप्रमाणे कधी कधी ती हाक द्यायला उशीर करते. कधी विसरतेच."

"मुकादम झोपा काढत असेल तर त्याला काढून टाकतात," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "इथे काढता येत नाही. त्याच्यावर दुसरा नेमावा लागतो. त्याला पेसमेकर म्हणतात. पण त्याआधी पहिला खरंच झोपतो का, आणि तेव्हा तुम्हाला काय होतं, हे पकडायला हवं."

त्यासाठी चोवीस तासांचं मशीन लावायचं ठरलं. तेव्हा ते जेवणाच्या डब्याएवढं असायचं, आत कॅसेट फिरायची. छातीला पाच ठिकाणी चिकटपट्ट्या लावल्या, वायरी ओढल्या आणि डबा पट्ट्याने खांद्याला अडकवला. डब्यावर एक बटण होतं; काही वाटलं की ते दाबायचं. सोबत एक कार्ड दिलं. त्यावर वेळ घालून लिहायचं, किती वाजता काय केलं, काय झालं.

"हे घरातल्या माणसाने लिहावं," डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले. "पेशंटला स्वतःचं कळतंच असं नाही. मशीन फक्त ठोके सांगतं. तेव्हा माणूस उभं होतं, चालत होतं की झोपलं होतं, ते कार्डावरूनच कळतं."

बाहेर पडल्यावर वन्संनी कार्ड माझ्या हातात दिलं. "घ्या, लिहिणं तुमच्या खात्यातलं. पण यात तुमची सरकवासरकवी नको हं, वहिनी."

"छे हो," मी म्हटलं.

आता इथे सेक्रेटरींबद्दल सांगायला हवं. संस्थेच्या सेक्रेटरींना वन्सं नको होत्या. पाहुण्यांना घेऊन ते मुलींच्या मजल्यावर न सांगता चढायचे. वन्संनी एकदा सगळ्यांसमोर त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं होतं. तेव्हापासून ते वन्संशी फार गोड बोलायचे. रेक्टरला दर वर्षी तब्येतीचं सर्टिफिकेट द्यावं लागे, आणि ते देण्याचा महिना जवळ येत होता. दोन वर्षांपूर्वी भांडार सांभाळणाऱ्या बाईंचं पोटाचं ऑपरेशन झालं, तर त्या परत कामावर यायच्या आधीच त्यांचा निरोपसमारंभ ठरला. सेक्रेटरींनी फुलं दिली, आता आराम करा म्हणाले, आणि महिनाअखेरीस खोली रिकामी करून घेतली. त्या खोलीतली लोखंडी खाट खाली उतरवताना मी पाहिली होती. पेसमेकर हा शब्द ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे तीच खाट होती.

मशीन संध्याकाळी लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासूनही मी सगळं खरं लिहिलं. आठ वाजता चहा. नऊ ते दहा, फेरी. अकराला ऑफिस. एकला जेवण. दुपारी मुली कॉलेजात असायच्या तेव्हा धुऊन आलेल्या चादरी वरच्या कपाटात मोजून ठेवायच्या असत. वन्सं पुढे, हातांवर चादरींची चळत. मी मागे यादी घेऊन. मधल्या वळणावर टाचा थांबल्या.

मी वर बघितलं. वन्संचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता. डोळे उघडे होते पण त्यांत कुणी नव्हतं. हात सैल पडले आणि चादरी एकेक करून पायऱ्यांवर घसरल्या. मी धावत वर गेले, त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि त्यांना भिंतीशी दाबून धरलं. किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही. एक श्वास असेल, दोन असतील. मग त्यांच्या गालांवर रंग आला, त्यांनी खाली बघितलं आणि रागाने म्हणाल्या, "वहिनी, चादरी कशाला टाकल्यात? आत्ता धुऊन आल्यात ना!"

त्यांना काहीच कळलं नव्हतं. मधली ती पानं त्यांच्या वहीत नव्हतीच. जिन्याच्या भिंतीवर घड्याळ होतं. चार वाजून दहा मिनिटं.

डब्यावरचं बटण माझ्या हातापासून वीतभर होतं. मी ते दाबलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तुम्ही जरा पडा. मी आवरते." त्यांना खोलीत नेऊन आडवं केलं. पाच मिनिटांत त्या उठून बसल्या. मी दुसऱ्या खोलीत जाऊन कार्ड पुढे ओढलं, आणि हजेरीच्या टेबलाशी बसल्यावर हात जसा चालायचा तसाच तो चालला. चार ते साडेचार, पडून होत्या. डोळा लागला.

लिहिताना मनात काय होतं? वन्संना वाचवते आहे, हेच होतं. दोन खोल्या होत्या, खाट होती, सेक्रेटरींची फुलं होती. त्या मुलींसारख्याच वन्सं उशिरा आल्या आहेत आणि मी त्यांना पाच मिनिटं देते आहे, इतकं सोपं वाटलं मला ते.

संध्याकाळी वन्संनी सही करण्याआधी कार्ड वाचलं. वाचल्याशिवाय त्या कशावरच सही करत नसत.

"मी झोपले होते? दुपारी?"

"दहाएक मिनिटं. चांगल्या घोरत होतात." घोरणं मी का जोडलं कोण जाणे. खोटं उघडं पडू नये म्हणून त्याला एखादं पांघरूण लागतं.

"ड्यूटीवर?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"त्यात काय झालं? दमला होतात."

त्यांनी पेनाचं टोपण काढून सही केली. टोपण परत बसवताना त्यांचं एकदा चुकलं, हे मी पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी लांबलचक कागद टेबलावर पसरला. "ठोके मंद आहेत. आणि हे बघा, चार दहाला पावणेचार सेकंद एकही ठोका नाही." त्यांनी कार्ड उचललं. "पण इथे झोप लिहिलीय. घोरतात का?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "मला कसं कळणार? वहिनींना विचारा."

"हो," मी म्हटलं. "घोरतात."

"मग झोपेतलं एवढं मनावर घ्यायला नको. झोपेत असं होतं कधी कधी, घोरणाऱ्यांत जरा जास्त. हेच जागेपणी, उभ्या असताना झालं असतं, तर मी आजच अॅडमिट करून घेतलं असतं. तसं नक्की काही झालं नाही ना?"

तो प्रश्न त्यांनी मला विचारला होता. टेबलावर एक काचेचा पेपरवेट होता आणि त्यात निळा बुडबुडा होता. मी त्या बुडबुड्याकडे बघत म्हटलं, "नाही."

"ठीक. सहा महिन्यांनी पुन्हा मशीन लावू. मधे चक्कर आली, पडल्या, तर लगेच या." आणि वर्षाच्या सर्टिफिकेटवर त्यांनी सही केली.

परतताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी रस्त्यात वन्संचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

पुढच्या महिन्यात वन्सं बदलल्या. भांडाराचं कुलूप लावून दहा पावलं जायच्या, परत येऊन ओढून बघायच्या. किल्ल्या कमरेला असायच्या, त्या मनगटाला दोरीने बांधू लागल्या. मुलीला काही सांगितलं की लगेच विचारायच्या, "आत्ता मी काय म्हटलं?" मुलींना वाटे, परीक्षा घेताहेत. दुपारी त्या खुर्चीत बसेनाशा झाल्या. उभ्यानेच कागद वाचायच्या. मी म्हटलं, "बसा हो जरा," तर म्हणाल्या, "बसलं की झोप लागते." मला ते त्यांचं नेहमीचं कडकपण वाटलं. सतरा वर्षं एका छपराखाली काढूनही मला दिसलं नाही, की हे माणूस घाबरलेलं आहे.

मग एके दिवशी सकाळी सेक्रेटरी माझ्या टेबलाशी आले आणि एक कागद पुढे ठेवला. "फाइलला लावा. तुमच्या वन्संनी मोठा समजूतदारपणा दाखवला."

वन्संचं अक्षर होतं. नोकरीचा राजीनामा. कामाच्या वेळेत माझ्या नकळत मला झोप लागते आणि लागून गेल्याचंही आठवत नाही, असं लिहिलं होतं. मधले काही क्षण माझ्या लक्षात राहत नाहीत. माझी बुद्धी पूर्वीसारखी राहिलेली नाही असं मला वाटतं. अशा व्यक्तीने साठ मुलींची जबाबदारी सांभाळणं योग्य नाही. खाली सेक्रेटरींचा शेरा होता, मंजूर, आणि तारीख कालचीच.

मी जिना चढून वर गेले तेव्हा वन्सं कपाट आवरत होत्या.

"मला न विचारता?" मी म्हटलं.

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही म्हणाला असतात, चालवून घ्या." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "आमची आई शेवटी शेवटी कशी झाली होती ते तुम्ही पाहिलं नाहीत. दादाने तुम्हाला सांगितलंही नसेल. ताटावर बसायची आणि मधेच कुठेतरी निघून जायची. परत आली की विचारायची, मी जेवले का? माझं तसंच चाललंय. दुपारी चारला ड्यूटीवर झोपते, घोरते, आणि मला पत्ता नाही. परवा जिन्यावर होते. एकदम वर पोचलेलीच. मधल्या पायऱ्या कुठे गेल्या?"

तेव्हाच सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, वन्सं, तुम्ही झोपला नव्हतात. डोकं शाबूत आहे तुमचं, छातीतला मुकादम थांबतो आहे, त्यावर इलाज आहे. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग वाटलं, राजीनामा मंजूर झालाच आहे, आता सांगून खोल्या थोड्याच परत मिळणार? आणि मग या माझ्याकडे कशा बघतील? उद्या सांगू. मी त्यांना कपडे घड्या घालायला मदत करू लागले. असे मी आणखी आठ दिवस घालवले. माझ्या आयुष्यात मोजायला लाज वाटावी असे दिवस थोडे नाहीत, पण हे आठ मी अजूनही एकेक करून मोजते.

नवव्या दिवशी सकाळी वन्सं नव्या रेक्टरबाईंना इमारत दाखवत होत्या. नव्या बाई रबरी तळव्यांच्या चपला घालून आल्या होत्या, म्हणून मला खाली एकाच माणसाच्या टाचा ऐकू येत होत्या. अकरा, बारा. मग टाचांचा नाही, दुसराच आवाज आला.

वन्सं मधल्या वळणावरून खालपर्यंत आल्या होत्या. उजवा हात अंगाखाली दुमडला होता आणि गालाचं हाड फुटलं होतं. मी पोचले तेव्हा त्यांचे डोळे उघडलेले होते आणि त्या नव्या बाईंना विचारत होत्या, "मला पुन्हा झोप लागली का?"

दवाखान्यात त्यांना ठोके दाखवणाऱ्या पडद्याशी जोडलं. दुपारी डॉक्टर खाटेशी उभे असतानाच रेघ लांबत गेली, सपाट झाली, आणि सहा सेकंदांनी पुन्हा उसळली. "जागेपणी," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी जुना कागद मागवून घेतला. तो ते पुन्हा पसरू लागले आणि मला ते बघवेना.

"तेव्हाही जागेपणीच होतं," मी म्हटलं. "जिन्यावर. उभ्या होत्या. मी धरलं. झोप मी लिहिली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "बाई, मी तुम्हाला विचारलं होतं," एवढंच ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याच आठवड्यात पेसमेकर बसवला असता. छोटं काम असतं. महिन्याभरात जिने चढल्या असत्या. नोकरीसाठी पत्र लागलं असतं तर मीच दिलं असतं."

वन्संचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, औषधाने झोपल्या आहेत. डॉक्टर गेल्यावर त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "मी उभी होते?"

"हो."

"चादरी कुणी टाकल्या?"

"तुमच्या हातून पडल्या."

"आणि घोरत नव्हते."

"नाही, वन्सं."

सुजलेल्या गालावरून पाणी कानात उतरत होतं आणि एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्याला सलाइन, त्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. मी रुमाल घेऊन पुढे वाकले, तर त्यांनी मान पलीकडे वळवली.

"म्हणजे डोकं ठीक आहे माझं," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मुलींना पाच मिनिटं दिलीत, ती तुमची होती, वहिनी. ही माझी होती."

दुसऱ्या दिवशी गळ्याच्या हाडाखाली त्यांना पेसमेकर बसवला. तेव्हापासून त्यांचं हृदय साठाच्या खाली कधी गेलं नाही. चेहऱ्यावर रंग आला, दम लागेनासा झाला, बोलताना मधे वाक्य हरवेनासं झालं. कधी नव्हे इतक्या त्या ठणठणीत झाल्या, आणि करायला काम उरलं नाही. डॉक्टरांनी संस्थेला पत्र लिहिलं. सेक्रेटरींनी दोन ओळींत उत्तर दिलं, की राजीनामा बाईंनी स्वखुशीने दिलेला आहे. माझीही नोकरी मी सोडली. ती ठेवायची कुठल्या तोंडाने? आम्ही दोघींनी बस डेपोच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेतली. तिथे चढायला एकही पायरी नव्हती. वन्सं टाचांच्या चपला आता कधी घालत नसत, म्हणून मी त्या एकदा कुणाला तरी देऊन टाकल्या. त्यांनी विचारलं नाही.

भांडण आमचं कधी झालं नाही. लोकांना वाटे, नणंद-भावजय असाव्यात तर अशा. त्या मला वहिनी म्हणायच्या, दुखलं खुपलं विचारायच्या, थंडीत माझ्या अंगावर शाल टाकायच्या. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी नाडी मोजा आणि लिहून ठेवा, साठाच्या खाली गेली तर लगेच या. वन्संच्या उजव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलं होतं आणि त्या बोटांना नीटसं कळत नसे. शेजारी एक निवृत्त कंपाउंडर राहायचे. पहिल्याच आठवड्यात वन्संनी त्यांना विचारलं. ते रोज आठ वाजता येत, स्टुलावर बसत, घड्याळ बघून मिनिटभर नाडी धरत आणि म्हणत, "साठ. एकदम करेक्ट, बाई." वन्सं डाव्या हाताने वहीत आकडा लिहीत. पहिलीतल्या मुलीसारखं अक्षर; सहा नेहमी एका बाजूला कलंडलेला. मी दोघांसाठी चहा करत असे.

अशी नऊ वर्षं गेली. शेवटी वन्सं गेल्या त्या न्यूमोनियाने. हृदयाने कुठे कसूर केली नाही. त्यांचं जाणं मला आता धूसर आठवतं, पण त्याच्या दोनेक वर्षं आधीची एक सकाळ मात्र लख्ख आठवते.

कंपाउंडर मुलीकडे गेले होते. वन्संना थोडा ताप होता. आठ वाजले तशा त्या उठून बसल्या, घड्याळ पुढ्यात ठेवलं आणि उजव्या हाताची वाकडी बोटं डाव्या मनगटावर ठेवून पुटपुटत मोजू लागल्या. मधेच आकडा चुकला. पुन्हा सुरुवात केली. बोटं सरकली, नाडी हरवली. मानेवर हात लावून पाहिला. तिथेही जमेना. मी समोर खाटेच्या कडेला बसले होते, दोन हात अंतरावर. माझी बोटं तेव्हा चांगली होती. मी ती पदराला पुसली. ओली नव्हती तरी पुसली. वन्संनी मान वर करून माझ्या हातांकडे बघितलं. मग घड्याळाकडे बघितलं.

त्यांनी डाव्या हातात पेन घेतलं, वहीत तारीख घातली, पुढची जागा कोरी ठेवली आणि वही मिटली.

"चहा टाकता का, वहिनी?" त्या म्हणाल्या.

मी उठून चहा टाकला.